एका दाण्याचे दोन

"एका दाण्याचे बाई, जातं करतं दोन दोन..."

हा आवाज मी शेवटचा ऐकला तेव्हा सहा-सात वर्षांचा होतो. अहमदपूरच्या आमच्या घरी अव्वा, म्हणजे माझी आई, मागच्या पडवीत तूर भरडायला बसायची. तिचा एक पाय दुमडलेला, एक पसरलेला, आणि पसरलेल्या पायावर माझं डोकं. जात्याच्या घरघरीत तो आवाज असा मिसळून जायचा, की गाणं अव्वा म्हणते की जातं, हे मला बरीच वर्षं ठरवता आलं नव्हतं. जात्याच्या दगडी पाळूच्या कडेनं पिवळी दाळ सांडत राहायची. त्या ओवीची पहिली ओळ मला पाठ आहे. दुसरीची नुसती चाल आठवते. तिचे शब्द येईपर्यंत मला झोप लागलेली असायची.

पुढे गल्लीत दाळीची गिरणी आली आणि अव्वाचं गाणं थांबलं. "गिरणी आली आणि गाणं गेलं" हे वाक्य माझं आहे. मी लातूरच्या एका महाविद्यालयात मुख्य लिपिक आहे. तिथे दरवर्षी मराठी भाषा दिनाला मी भाषण करतो, ते याच वाक्यानं सुरू होतं आणि याच वाक्यानं संपतं. मधली अकरा मिनिटं मी यंत्रयुगाला झोडपतो. या भाषणाबद्दल मला शाल आणि नारळ मिळालेला आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे एका पाखरानं या भाषणाचा जो अपमान केला त्याची खोली वाचकांच्या लक्षात यावी.

पाखराचं नाव पिस्ता. जात पोपटाची, पण परदेशी; अंगानं राखाडी, डोक्यावर पिवळा तुरा, आणि गालांवर कुणी कुंकवाचं बोट टेकवावं तसे दोन केशरी ठिपके. आमच्या इमारतीत अजूनही अनेकांना हा पोपट मान्य नाही. "पोपट हिरवा असतोय, भीमाशंकरराव. तुम्हाला कवडा रंगवून दिला," असं सोसायटीचे अध्यक्ष श्रीमंतराव पहिल्याच दिवशी म्हणाले होते. माझी मुलगी वर्षाराणी हिनं तो हट्टानं आणला, दोन वर्षं खांद्यावर मिरवला आणि जूनमध्ये नांदेडला कॉलेजात प्रवेश मिळताच वसतिगृहात निघून गेली. जाताना मला म्हणाली, "बाबा, त्याला एकटं नका वाटू देऊ." मी हो म्हणालो. बापानं मुलीला स्टँडवर काय वाट्टेल ते कबूल केलेलं असतं.

आता घरात माणसं किती, तर तीन. मी साडेनऊला निघतो. माझी बायको सुकन्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका, ती माझ्याही आधी एसटी पकडते. राहिले अप्पा, माझे वडील. अव्वा गेल्या माघात गेली, तेव्हा अहमदपूरचं घर बंद करून मी अप्पांना लातूरला आणलं. जन्मभर आडत दुकान केलेला माणूस. रोज दहाला टोपी घालून, लाल काठाचं उपरणं खांद्यावर टाकून बाजार समितीत एका जुन्या ओळखीच्या दुकानात जाऊन बसायचा. संध्याकाळी पाचला परत.

"अप्पा, दुपारचं जरा घरी थांबलात तर," मी एकदा भीत भीत म्हणालो, "पिस्त्याला सोबत होईल."

"मी काय पाखरं राखायला आलो का हितं?" अप्पा म्हणाले, आणि विषय संपला.

अप्पांचे विषय असेच संपतात. मोजून बोलणारा माणूस. अव्वाचं नाव तर त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. "ऐकलं का" आणि "अगं ए" यांवर त्यांनी छप्पन्न वर्षं संसार केला. मृत्यूची नोंद करायला गेलो तेव्हा खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "मयताचं नाव?" अप्पा माझ्याकडे बघत राहिले. बाईंनी पुन्हा विचारलं. अप्पा तरी माझ्याकडेच बघत राहिले. शेवटी मी सांगितलं, "पार्वतम्मा शिवप्रसाद." तर अप्पांनी कुणी चारचौघांत अंगावरचं उपरणं ओढावं तशी मान खाली घातली.

तर पिस्ता सकाळी दहा ते संध्याकाळी पाच एकटा पडला, आणि ओरडू लागला.

हे दुसऱ्या कुठल्या गावात खपून गेलं असतं. लातुरात नाही. इथे दर दुसऱ्या फ्लॅटात चार-चार पोरं डॉक्टर व्हायला बसलेली असतात. इथे रिकामी गाढवंसुद्धा शिकवणीच्या गल्लीतून पाय न वाजवता जातात. आमच्या वरच्या मजल्यावर तर मुलींची अभ्यासिकाच आहे. तिसऱ्या दिवशी श्रीमंतराव कागद घेऊन आले. कागदावर सोसायटीचा शिक्का होता, म्हणजे प्रकरण गंभीर.

"भीमाशंकरराव, हितं माणूस गेला तरी लोक तोंडात पदर धरून रडतात. पोरींची परीक्षा असती," ते म्हणाले. "महिनाअखेरपर्यंत पाखरू गप झालं पाहिजे. न्हाई तर पाखराला दुसरं घर बघा. ठराव झालाय."

मी तो कागद वर्षाराणीला कळवला नाही. पण सुकन्यानं कळवला. मायलेकींमध्ये गुप्तता नावाची गोष्ट नसते, असलीच तर ती माझ्यापासून असते. रात्रीच्या व्हिडिओ कॉलवर पोरगी रडली नाही, ओरडली नाही. नुसती म्हणाली, "मी आले तेव्हा तो नसला, तर मी येऊन काय करू?" त्या वाक्यानं मी तीन दिवस जेवलो नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. जेवलो, पण चव लागली नाही.

मग सुरू झाली पिस्त्याची करमणूक.

पहिला उपाय टीव्ही. जाताना बातम्यांचं चॅनेल लावून गेलो. पडद्यावर सहा चौकटींत सहा माणसं भांडत होती. पिस्त्यानं सातवी चौकट आपली आहे असं समजून पिंजऱ्यातून चर्चेत भाग घेतला. खालच्या मजल्यावरच्यांनी शपथेवर सांगितलं, की शेवटपर्यंत मुद्द्यावर राहिलेला तो एकटाच होता.

दुसरा उपाय शेजारच्या चांगुणाबाईंचा. "भाऊजी, आरसा ठेवा. आमच्या माहेरी देगलूरला चिमण्या आरशात बघून दिवस दिवस काढत्यात." आरसा ठेवला. पिस्ता आरशातल्या पिस्त्याच्या प्रेमात पडला, त्याला घास भरवू लागला, आणि तो घास खात नाही म्हणून रुसून दुप्पट ओरडू लागला. आरसा काढला तर तिप्पट.

आणि मग तो कुकरची शिट्टी शिकला. ही जात फारशी बोलत नाही, शीळ घालते, आणि जे ऐकते ते हुबेहूब. रोज सकाळी आमच्या कुकरच्या तीन शिट्ट्या होतात. पिस्त्यानं त्या पाठ करून अकराच्या सुमाराला, बरोबर चांगुणाबाईंची दाळ शिजायला लागली की, वाजवायला सुरुवात केली. चांगुणाबाई आतल्या खोलीत कपडे घडी घालता घालता शिट्ट्या मोजायच्या. तीन झाल्या की येऊन गॅस बंद. चौथ्या दिवशी त्या ताट घेऊनच आमच्या दारात उभ्या राहिल्या.

"भाऊजी, ही दाळ चावून बघा."

चावली. गोट्यांचा आवाज झाला.

"चार दिस झाले आमचे हे मला म्हनून राहिले, तुझ्या हाताला काय झालंय. माझ्या हाताला काय बी झालं न्हाई. तुमच्या पाखरानं माझा संसार मोडायला काढलाय."

मी त्यांची माफी मागितली, आणि माझ्या वतीनं पिस्त्यानं चौथी शिट्टी दिली.

त्याच आठवड्यात त्यानं छातीवरची पिसं उपटायला सुरुवात केली. पिंजऱ्याच्या तळाशी राखाडी कापूस साचू लागला. आता थट्टा सरली. पिंजऱ्यावर चादर टाकून मी रिक्षानं सरकारी जनावरांचा दवाखाना गाठला.

तिथे संगणकावर नोंद करणाऱ्या गृहस्थांपुढे रकाने होते: गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी, कुक्कुट.

"पोपट लिहा की," मी म्हणालो.

"पोपट घेत न्हाई त्ये." त्यांनी बरीच खटपट करून 'कुक्कुट'वर बोट ठेवलं. "संख्या?"

"एक."

"एकच? बाकीच्या काय मेल्या?"

तेव्हापासून माझ्या मोबाईलवर 'कुक्कुटपालक बांधवांनो' असे संदेश येतात. खाद्याचे, लसीचे, शेडच्या अनुदानाचे. पंचवीस वर्षं फाइलींत काढलेल्या माणसाला शासनदरबारी एका कोंबडीचा मालक म्हणून ओळख मिळावी, यावर मी काही भाष्य करत नाही.

डॉक्टर मात्र भले होते. म्हशीचं पोट तपासून हात धुतले, पिस्त्याला उलटसुलट बघितलं. "रोग न्हाई ह्याला काही," ते म्हणाले. "करमत न्हाई त्याला. घरी कोण असतं?"

"कुणी नसतं."

"मग हेच होणार. कुणीतरी बोलत जा ह्याच्याशी. गाणं-बिणं म्हणा. एकटं पाखरू स्वतःलाच खातं."

बोलायचं कोण? मी विचार केला, की मी नसताना माझा आवाज तरी असावा. म्हणून माझं ते गाजलेलं भाषण मी फोनवरून छोट्या स्पीकरमध्ये भरलं. त्यात प्राचार्यांच्या आग्रहावरून मी अव्वाच्या ओवीची पहिली ओळही गुणगुणलेली आहे. स्पीकर पिंजऱ्याजवळ ठेवला, दिवसभर फिरून फिरून वाजेल अशी व्यवस्था केली आणि पहिली फेरी स्वतः उभा राहून पाहिली. "गिरणी आली आणि गाणं गेलं," मी स्पीकरमधून म्हणालो. पिस्त्यानं ऐकलं. मग दांडीवर पावलं सरकवत तो वळला, माझ्या आवाजाकडे पाठ केली, आणि छातीवरचं एक पीस उपटलं. यंत्रयुगावर आलो तेव्हा दोन उपटली.

सुकन्या चपला घालता घालता म्हणाली, "त्याला कळतंय हं सगळं."

शेवटचा उपाय कॅमेरा. लातुरात कॅमेरे बसवणारा हरिओम नावाचा एक सज्जन आहे. सज्जन म्हणजे फोन उचलतो. त्यानं दिवाणखान्याच्या कोपऱ्यात एक पांढरा डोळा बसवला. आता कचेरीत बसून मी मोबाईलवर पिस्ता बघू शकत होतो. नुसता बघू, आवाज येणारा कॅमेरा हरिओमकडे संपला होता. अप्पांनी संध्याकाळी येऊन त्या डोळ्याकडे वर बघितलं. "ह्यो काय?"

"अप्पा, यातून मला तिकडे दिसतं, पिस्ता काय करायलाय ते."

"सगळं दिसतं?"

"सगळं."

अप्पांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं.

दुसऱ्या दिवशी बारा वाजून दहा मिनिटांनी चित्र पांढरं झालं. पिस्ता नाही, पिंजरा नाही. नुसतं दुधाळ पांढरं, आणि खालच्या बाजूला केसाएवढी एक तांबडी रेघ. अडीचला पुन्हा सगळं जागेवर. तिसऱ्या दिवशी तसंच. चौथ्या दिवशी तसंच.

"सर, लेन्सला मोतीबिंदू आला असंल," हरिओम म्हणाला.

"रोज बारा ते अडीचच?"

"काही काही कॅमेरे दुपारचे झोपतेत." त्यानं कॅमेरा बदलून दिला. नवा कॅमेराही बारा वाजून दहा मिनिटांनी झोपला.

पण एक झालं. पिस्त्याचं ओरडणं कमी झालं. शिट्ट्या बंद झाल्या. चांगुणाबाईंच्या घरी दाळ शिजली आणि त्यांनी वाटीभर वरण आणून दिलं. आठ दिवसांत पिंजऱ्यातला कापूस थांबला. पंधरा दिवसांत त्याच्या उघड्या छातीवर हरभऱ्याच्या कोंबासारखी बारीक पिसं दिसू लागली. वर्षाराणी फोनवर बघून म्हणाली, "बाबा, पिसं यायलीत की त्याला. काय केलं तुम्ही?"

काय केलं ते एका संध्याकाळी कळलं, किंवा कळलं असं मला वाटलं. मी चहाचा कप तोंडाला लावत होतो. पिस्त्यानं तुरा उभा केला आणि शीळ घातली. एक लांब सूर, मग तीन छोटी वळणं, मग उतार. माझा कप तसाच हवेत राहिला. 'एका दाण्याचे बाई, जातं करतं दोन दोन.' शब्द नव्हते. पण पडवीतलं ऊन होतं, दाळीचा वास होता, माझ्या गालाखाली अव्वाच्या लुगड्याचा काठ होता.

मी सुकन्याला हाक मारली. "बघितलंस? माझ्या भाषणातून उचललं त्यानं. पाठ फिरवून बसला होता, पण ऐकत होता." मी ही गोष्ट कचेरीत सांगितली, दवाखान्यात फोन करून सांगितली. प्राचार्य म्हणाले, पुढच्या भाषा दिनाला पाखरूही आणा. माझी गेलेली अब्रू शाल पांघरून परत आली.

ती दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी सकाळी पिस्त्यानं पहिल्या ओळीनंतर दुसरी ओळ घातली. पुरी, शेवटच्या हेलासकट. आणि भाषणात मी दुसरी ओळ गुणगुणलेलीच नाही. मला ती येतच नाही. मी अंगावर टॉवेल घेऊन न्हाणीच्या दारात उभा राहिलो. देवघरात अप्पा कपाळाला विभूती लावत होते. ते वळले नाहीत.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी श्रीमंतरावांचा कचेरीत फोन आला. "भीमाशंकरराव, ठराव मागं घेतलाय. पाखरू गप हाय. वरच्या अभ्यासिकेतली लोहा गावची एक पोरगी तर म्हणली, दुपारचं गाणं बंद करू नका, घरच्यासारखं वाटतं."

"गाणं नाही हो, शीळ ती."

"शीळ न्हाई. गाणं. माणसाचा आवाज येतोय तुमच्या बंद घरातून, बारानंतर. मी म्हणलं तुम्हाला ठाऊक असंल. ठाऊक नसंल तर बघून घ्या बाबा, दिवस वाईट हायेत."

मी मोबाईल उघडला. बारा वाजून वीस मिनिटं. पांढरं. खाली तांबडी रेघ. या वेळी मी ती नीट बघितली. तो काठ होता.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी घरी आलो. दाराला कुलूप नव्हतं. हळूच ढकललं. कॅमेऱ्यावर अप्पांचं उपरणं टाकलेलं, आणि पिंजऱ्यासमोर स्टुलावर अप्पा. टोपी मांडीवर. उजव्या हातात जात्याचा न दिसणारा खुंटा धरल्यासारखी मूठ, आणि ती मूठ हवेत गोल, संथ फिरत होती. त्या फिरण्याबरोबर पिस्त्याची मान फिरत होती. आणि अप्पा गात होते. घोगरा, सवय नसलेला, मध्येच तुटणारा आवाज.

"एका दाण्याचे बाई, जातं करतं दोन दोन
शिवप्रसादाच्या घरी, मला एकली म्हणंल कोण."

पंचेचाळीस वर्षांनी मला दुसरी ओळ मिळाली.

पिस्त्यानं माझ्याकडे बघितलं, म्हणून अप्पांनी बघितलं. हात थांबला. त्यांनी आधी टोपी घातली.

"अप्पा, दुकानात गेला नव्हता का?"

"गेल्तो. तिथं आता त्याचा नातू बसतोय. 'काका चहा घ्या' म्हनतो आन् मोबाईलात बघतो. चहा सरला की उठावं लागतंय."

"मग सांगायचं ना."

"काय सांगू? पाखरं राखायला आलो न्हाई, असं म्हनून बसलो होतो की आधीच." मग कॅमेऱ्याकडे मान करून ते म्हणाले, "त्या डोळ्याची लाज वाटायची, म्हनून मागून उपरणं टाकून झाकलो. अडीचला काढून पुन्हा भाईर पडायचो."

मी खाली, त्यांच्या पायांशी फरशीवर बसलो. अप्पा बंद करून ठेवलेल्या स्पीकरकडे बोट करून म्हणाले, "ते तुझं भाषण ऐकलो मी, हितं बसून. लई बार. खोटं हाय ते."

"काय खोटं?"

"गिरणी दिवाळीनंतर आली. तिनं गाणं श्रावणातच सोडलं."

बाहेर कुठेतरी खऱ्या कुकरची शिट्टी झाली. अप्पा ती संपेपर्यंत थांबले.

"ती ओवीत माझं नाव घ्यायची. एरवी बायका नवऱ्याचं नाव घेत न्हाईत, पर जात्यावर चालतंय. शेजारच्यांनी भिंतीआडून ऐकलं, ते बाजारात पोचलं. सौद्याला धा मानसं जमली होती. एकजण म्हनला, 'शिवप्रसाद शेठ, घरी तुमचं नाव भरडून राहिलेत की.' समदे हसले. मी घरी आलो. पाय बी धुतलो न्हाई. म्हनलो, 'माझं नाव काय भरडायला दिलंय का तुला?' एवढंच. ती म्हनली, 'बरं.'"

"मग?"

"मग काय. तीन म्हैने जातं मुकंच फिरलं. तू लहान होतास, तुला काय कळतंय. पुढं गिरणी आली. लोक म्हनले गिरणीनं गेलं गाणं. मी बी म्हनू दिलो. तू तर त्याच्यावर शाल घेऊन आलास."

"तुम्हाला आवडायचं नाही का तिचं गाणं?"

अप्पांनी स्वतःच्या पायांकडे बघितलं. "दुकानाला निघताना चपला सापडत न्हाईत म्हनून मी पडवीत घुटमळायचो. चपला पायातच असायच्या."

"एकदा सांगायचं, अप्पा. परत गा म्हणून."

"आज सांगू, उद्या सांगू. तोंड उघडलं की दुसरंच निघायचं. मीठ कमी हाय, पाणी दे."

पिस्त्यानं तुरा उभा केला. पहिली ओळ शिळेत घातली, पुरी, आणि थांबला. मान कलती करून तो अप्पांकडे बघू लागला. दुसरी ओळ तो आता एकटा घेत नव्हता, वाट बघत होता. अप्पांचा हात आपोआप उठला, मूठ वळली, पण फिरली नाही. ते माझ्याकडे बघत नव्हते, पाखराकडेही नव्हते. पिंजऱ्याच्या पलीकडे कुठेतरी, पडवी होती त्या बाजूला बघत, खालच्या आवाजात म्हणाले,

"गा की, पार्वतम्मा."